दीड हजारातले स्पाइक: झोनलला निघालेल्या पोरापोरींसाठी पारख

पुठ्ठ्याचा डबा, आत बुटांची जोडी, प्लास्टिकच्या पुडीत पिना आणि टी आकाराची एक चावी. जालंधर-मेरठकडून येणारे हे देशी स्पाइक, म्हणजे तळाला टोकदार पिना बसवलेले धावण्याचे बूट, कोल्हापुरातल्या खेळसाहित्याच्या दुकानांत हजार-बाराशेपासून दीड-दोन हजारांपर्यंत मिळतात. शिवाजी विद्यापीठाच्या झोनलला, म्हणजे कॉलेजांच्या विभागीय स्पर्धेत, हीट (पहिल्या फेरीची शर्यत) लागली की आठातल्या निम्म्याहून जास्त लेनमध्ये हेच पाय दिसतात. शिक्का बदलतो, रंग बदलतो, साचा तोच. त्यामुळे ही पारख कुठल्या एका कंपनीची नसून या किमतीतल्या मालाची आहे.

निकाल आधीच सांगतो. १०० ते ४०० मीटर, हर्डल्स आणि लांब उडी यांसाठी ही जोडी पैसे वसूल करते, पण घेतली तशी नाही. पिना बदलाव्या लागतात, पुढचा तळ शिवून घ्यावा लागतो आणि पायाला तीन आठवडे सवय द्यावी लागते. ८०० पर्यंत ओढूनताणून चालते. १५०० आणि त्यापुढे नको. उंच उडी आणि भाल्याला तर अजिबात नको, कारण तिथे टाचेखालीही पिना लागतात आणि या बुटाची टाच म्हणजे नुसता फोमचा पातळ तुकडा. तिहेरी उडीवाल्यांनीही जपून. ‘हॉप’ला, म्हणजे तिच्यातल्या पहिल्या उडीला, पडणारा भार ही टाच झेलत नाही, टाचेच्या हाडाला मार बसतो आणि मग पंधरा दिवस लंगडत लेक्चरला जावं लागतं.

दुकानात बूट हातात आला की पायात घालायच्या आधी चार गोष्टी बघायच्या. एका हाताने टाच आणि दुसऱ्याने नाक धरून बूट वाकवा. तो चवड्यापाशी, म्हणजे बोटं जिथे दुमडतात तिथे वाकला पाहिजे. मधल्या कमानीत वाकत असेल तर प्लेट, म्हणजे खालचा कडक प्लास्टिकचा तळ, मऊ आहे. ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या आधारावरून, रेटताना बराच जोर तिथेच जिरतो. मग आतला सोल उपसून बोट फिरवा. पिना बसायच्या धातूच्या नळ्या प्लेटमध्ये पक्क्या ओतलेल्या असतात. एखादी वर आलेली असेल तर बोटाला उंचवटा लागतो, आणि जो आज बोटाला लागतो तो ४०० मीटरच्या शेवटच्या वळणावर चवड्याला लागणारच. तिसरं, पुडीतल्या पिना प्रत्येक भोकात चावी न लावता नुसत्या बोटांनी दोन फेरे बसवून बघा. एक जरी तिरकी गेली तर आटे खराब आहेत, जोडी बदलून मागा. दुकानदार म्हणेल, ‘चावीनं बसतंय ओ ते.’ बसतं, पण पुन्हा निघत नाही. चौथं, नाकाच्या टोकाला प्लेट आणि वरचं कापड जिथे जोडलंय तिथे अंगठ्याचं नख घाला. नख शिरलं तर तो बूट पहिल्या पावसात जबडा उघडणार.

काटा असेल तर वजनही करा. आठ नंबरचा एक बूट अडीचशे ग्रॅमच्या बराच वर गेला, तर त्यात आणि साध्या रनिंग शूजमध्ये वजनाचा फारसा फरक उरला नाही.

माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा सुजतो. स्पाइक रोजच्या बुटापेक्षा घट्ट हवा. अंगठ्यापुढे तीन ते पाच मिलिमीटर, म्हणजे फार तर करंगळीच्या नखाच्या अर्ध्या रुंदीइतकी जागा. टाच उचलून बघा. टाच बुटातून सुटत असेल तर अर्धा नंबर कमी. मोजा घालायचा असेल तर पातळ, आणि जो स्पर्धेत घालणार तोच घालून माप.

मुलींचं दुखणं इथे वेगळं आहे. दुकानांत साठा मुलांच्या मापांचा. तीन, चार, पाच नंबर विचारला की ‘सहाचा घ्या, दोन मोजे घाला’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला ऐकू नका. सैल स्पाइकमध्ये पाय पुढे सरकतो, बोटं नाकावर आपटतात आणि आठवड्यात अंगठ्याचं नख काळं पडतं. शिवाय मोठ्या बुटाची प्लेट मोठी, म्हणून पिनांची ओळ चवड्याच्या पुढे जाते. पाय जिथे रेटतो तिथे पीनच नसते. दुकानदाराकडून मागवून घ्या, त्यात आठ-दहा दिवस जातात हे धरून. मागवताना नंबर सांगण्यापेक्षा कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखा आणि टाच ते अंगठा सेंटिमीटरमध्ये मोजून ते माप कळवा. एका कारखान्याचा पाच दुसऱ्याच्या साडेपाचाएवढा असतो. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा.

आता पिना. या बुटाबद्दलच्या तक्रारींपैकी निम्म्या बुटाच्या नसतातच, चुकीच्या पिनेच्या असतात. पुडीत बहुधा एकाच लांबीचा संच येतो, आणि तो आपल्या मैदानाला जुळेलच असं नाही. पीन जमिनीत पूर्ण शिरली पाहिजे आणि तळ जमिनीला टेकला पाहिजे, एवढं एकच तत्त्व. कोल्हापुरात सप्टेंबरातलं मैदान आणि डिसेंबरातलं मैदान ही दोन वेगळी मैदानं असतात. पाऊस ओसरत असताना माती ओली, वर गवत. तिथे १२ मिलिमीटरची निमुळती पीन लागते, नाहीतर वळणावर पाय सरकतो. तीच १२ ची पीन थंडीत, मुरूम वाळून कडक झाल्यावर वापरली की आत शिरतच नाही. पोरगं सात काट्यांवर उभं राहिल्यासारखं धावतं, प्रत्येक पावलाला पीन उलटी वर चवड्यात दाबते आणि घोटा डुगडुगतो. अशा जमिनीवर ६ किंवा ९ मिलिमीटर. ओळखायची सोपी खूण अशी: चावीला पीन लावून तिचं टोक अंगठ्याच्या जोराने लेनमध्ये दाबा. सहज गेली तर १२, टोकच रुतलं तर ९, नुसता ओरखडा उठला तर ६.

सिंथेटिक ट्रॅकवर मामला नियमाचा आहे. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमात सिंथेटिकवर पीन ९ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर असू नये, उंच उडी आणि भाल्याला १२ पर्यंत सूट. एका बुटाला जास्तीत जास्त ११ पिना. बाकीच्या जमिनींवर २५ मिलिमीटरपर्यंत परवानगी. ट्रॅक राखणारे आपल्या ट्रॅकसाठी यापेक्षा कडक अट घालू शकतात. रबर फाटू नये म्हणून ६ किंवा ७ ची सक्ती केलेली आढळते. गावाकडच्या मातीवर १२ लावून सराव केलेला मुलगा इंटरझोनलला, म्हणजे आंतरविभागीय स्पर्धेत, कॉल रूममध्ये (शर्यतीआधीच्या तपासणीच्या खोलीत) उभा राहतो, पंच बूट उलटा करून बघतात आणि सांगतात, पिना बदला. त्याच्याकडे दुसरा संच नसतो, किंवा असतो पण चावी नसते, किंवा चावीही असते पण पिना गंजून बसलेल्या असतात. पिशवीत ६ आणि १२ असे दोन संच, चावी आणि एक छोटी पक्कड हवीच. तळाच्या जाडीची मर्यादाही आहे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवरच्या धावण्याच्या सगळ्या शर्यतींना २० मिलिमीटर, पण या बुटांची जाडी तिच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे त्या बाबतीत निर्धास्त.

पीन बसवतानाही घाई नडते. आधी भोकातली माती जुन्या टूथब्रशने काढा. आट्यांना व्हॅसलिनचा पुसटसा हात लावा. गंज धरत नाही आणि महिन्याभराने पीन सुटते. सगळ्या पिना हाताने बसवा, मग चावीने समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. घट्ट लागली की पुढे फक्त पाव फेरा. जोर लावून दाबली की धातूची नळी प्लास्टिकच्या प्लेटमधून सुटते आणि मग ती पीन नळीसकट गोल फिरत राहते. त्यावर इलाज नाही, ते भोक गेलं. रोज सरावानंतर एकदा चावी फिरवून बघायची. पहिल्या दोन-तीन दिवसांत पिना सैल पडतातच.

आणि स्पाइक घालून फरशीवर चालायचं नाही. ग्राउंडच्या कडेच्या डांबरावर नाही, पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर नाही, प्रसाधनगृहात तर नाहीच. पिनेचं टोक तर झिजतंच, पण चावी जिथे धरते त्या सपाट कडाही गोल होतात, आणि मग पीन काढायची म्हटली की पक्कड घेऊन बसावं लागतं. ट्रॅकपर्यंत स्लीपर, ट्रॅकवर स्पाइक. कोल्हापूरच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. तालमीच्या हौद्यात चप्पल नेत नाहीत, तसंच हे उलट्या बाजूने.

या बुटाचा खरा कच्चा दुवा मात्र नाकाचा जोड. वरचं कापड आणि खालची प्लेट नुसत्या चिकटद्रव्यावर धरलेली असतात. ब्लॉकमधून सुटताना आणि वळणावर सगळा ताण तिथेच येतो, त्यात ओली माती, मग उन्हात वाळवणं. गरमीने चिकटद्रव्य मऊ पडतं, पाण्याने सुटतं. पहिला मोसम संपायच्या आत करंगळीच्या बाजूने फट दिसते आणि आठवड्यात ती अंगठ्यापर्यंत जाते.

इथे कोल्हापुरात असल्याचा फायदा घ्यावा. चामड्यावर हात बसलेले कारागीर ज्या शहरात चौकाचौकात आहेत, तिथे दीड हजाराचा बूट फेकायचं कारण नाही. फट पडायची वाट बघू नका. बूट नवा असतानाच शिवून घ्या. पण नीट सांगून. सुभाषनगर, जवाहरनगरकडचा कारागीर चपलेचा तळ डोळे मिटून शिवेल. स्पाइक शिवताना मात्र डोळे उघडे लागतात, कारण प्लेटमध्ये पिनांच्या नळ्या आहेत आणि आरी तिथे घातली की नळी हलते. आधी सगळ्या पिना काढून भोकांत कापसाचे बोळे घाला, म्हणजे चिकटद्रव्य आत जाणार नाही. शिवण प्लेटच्या काठाने, नाकाच्या टोकापासून दोन्ही बाजूंना चवड्याच्या सर्वांत रुंद भागापर्यंतच. टाचेकडे गरज नाही. दोरा मेण लावलेला नायलॉनचा, टाके पाच-सहा मिलिमीटरवर. त्याहून जवळ घेतले तर प्लेट टाक्यांच्या ओळीवर तिकिटासारखी फाटते. खालच्या बाजूने आधी उथळ खाच पाडून टाका त्यात बसवायला सांगा. उघडा टाका मुरमावर आठ दिवसांत झिजतो.

फट आधीच पडली असेल तर शिवण्याआधी चिकटवणं आलं. दोन्ही बाजू पूर्ण वाळवा, जुनं चिकटद्रव्य पॉलिश पेपरने खरवडा, सोल्युशनचा पातळ हात दोन्हीकडे द्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर ओढ जाणवते पण बोटाला येत नाही, ती वेळ साधून दाबायचं. ओल्यावरच दाबलं तर वरून चिकटल्यासारखं दिसतं, आत कच्चं राहतं. एक दिवस दगडाखाली, मग शिवण. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी कारागिराकडे गेलात तर तो करून देईल, पण टिकेल याची जबाबदारी घेणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

पायाला सवय लावण्याचं वेळापत्रक आम्ही असं देतो. पहिल्या आठवड्यात दोनच दिवस, वॉर्मअप साध्या बुटात, शेवटी स्पाइक घालून गवतावर ६० मीटरच्या चार स्ट्राइड (लांब पावलांच्या मोकळ्या धावा), वेग साठ-सत्तर टक्के. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, ८० मीटरच्या पाच आणि ब्लॉकमधून तीन स्टार्ट. तिसऱ्यात १२० ते १५० मीटरच्या तीन-चार, त्यातली एक वळणावर. त्यानंतरही आठवड्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. साध्या रनिंग शूजची टाच पुढच्या भागापेक्षा साधारण आठ ते बारा मिलिमीटर उंच असते. स्पाइकमध्ये हा आधार जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे पोटरी आणि टाचेमागची शीर एकदम जास्त ताणली जाते. डब्यातून काढून थेट हीटला उतरलेला मुलगा हीट पार पाडतो, पण संध्याकाळच्या फायनलला पोटरी धरून बसतो. नडगीच्या आतल्या कडेला बोटाने दाबून दुखत असेल तर स्पाइक बंद, निदान आठवडाभर. दुखणं एकाच बिंदूवर येऊन थांबलं असेल तर डॉक्टरला दाखवायचं, ‘बाम लावून बघू’ नाही.

हे तीन आठवडे कागदावर सोपे आहेत. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडून पहिल्या एसटीने येणारा मुलगा मैदानावर पोचेपर्यंत सूर्य वर आलेला असतो, सकाळचं लेक्चर डोक्यावर असतं आणि ७५ टक्के हजेरीचा तक्ता भिंतीवर लागलेला असतो. मिळतो तो तास-सव्वा तास. तो सगळा स्पाइकमध्ये घालवायचा मोह होतो, कारण बूट नवा आहे. तसं करू नका. वेळ कमी असलेल्या दिवशी स्पाइक पिशवीतच राहू द्या आणि ड्रिल साध्या बुटात करा. वॉर्मअप कापून स्पाइक घालणं हा मांडीची मागची शीर उखडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग.

बूट जिमखान्याचा असेल तर प्रश्न आणखी वेगळे. कॉलेजची खरेदी कोटेशन, मंजुरी, जीएसटीचं बिल, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ सामानाच्या वहीत) नोंद अशा रांगेतून जाते. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. सातवी जोडी घ्यायची वेळ आली की मात्र तिसरं कोटेशन कुठंय असं विचारतो. जिमखान्याच्या सरांना विनंती एवढीच की मागणी जून-जुलैत करा. झोनलच्या आदल्या दिवशी वाटलेला नवा बूट हा बक्षीस नसून धोका आहे. आणि मापं आधी घ्या; ‘आठचे चार, नऊचे चार’ अशी ढोबळ खरेदी केली की दरवर्षी नऊचे कपाटात पडून राहतात आणि सहाची मुलगी अनवाणी धावते. नियमाने अनवाणी धावता येतं, एका पायात बूट घालूनही येतं, पण ती सोय आहे, पर्याय नव्हे.

एकच जोडी दोघांनी वापरायची वेळ आली तर निदान आतला सोल आणि मोजे प्रत्येकाचे वेगळे ठेवा. बोटांमधली खाज एकदा जिमखान्यात शिरली की मोसमभर हलत नाही.

स्पाइकऐवजी फुटबॉलचे स्टड चालतात का, हे फुटबॉलवेड्या कोल्हापुरात हमखास विचारलं जातं, कारण ते घरोघरी असतात. चिखलात पकड मिळते खरी, पण स्टड टाचेखालीही असतात आणि तळ बाजूला वळण्यासाठी बनवलेला असतो, सरळ रेटण्यासाठी नाही. १०० मीटरला तो मागे ओढतो. पायात काहीच नसेल आणि मैदान ओलं असेल, तर ठीक. सिंथेटिकवर मुळीच नाही. परदेशी शिक्क्याचे चार-पाच हजारांचे स्पाइक जास्त हलके, जोड पक्का, प्लेट चांगली. पण मातीवर रोज झिजवायला ते घेऊ नयेत. विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि पुढच्या स्पर्धा सिंथेटिकवर असतील, तेव्हा विचार करा. सीनियरकडून वापरलेली जोडी मिळत असेल तर प्लेट चवड्यापाशी पांढुरकी पडली आहे का बघा. पांढरी रेघ म्हणजे तिथून ती मोडणार.

मालाला गुण द्यायचे तर प्लेटला दहापैकी सात, पिनांच्या नळ्यांना सहा, सोबतच्या पिनांना तीन, चावीला चार (दुसऱ्या मोसमात तिचा खाचा पसरतो), जोडाला दोन आणि शिवल्यानंतरच्या जोडाला सात. मापांच्या उपलब्धतेला मुलांसाठी आठ, मुलींसाठी दोन.

सरावानंतर चिखल ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसा, नळाखाली बूट धरू नका. आतला सोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बोळे बदला आणि सावलीत, पंख्याखाली ठेवा. होस्टेलच्या गच्चीवर उन्हात नाही, बाथरूमच्या गीझरवर तर नाहीच. परतीच्या एसटीत प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नेलेला ओला बूट घरी पोचेपर्यंत कुबट होतो आणि जोडही सैल करतो; कापडी पिशवी घ्या, पिना बाहेरून रबरी चटईच्या तुकड्यात खुपसा, म्हणजे शेजारच्या सीटवरच्या मावशींची साडीही वाचते.